फोन मराठीत केल्यावर ॲप का गडबडतं? लोकेलची गोष्ट

आजचा भाग आहे सॉफ्टवेअरच्या भाषांतरावर. कोड नुसते ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळी उदाहरणं इथे लिहून दिली आहेत.

भाषा वेगळी, लोकेल वेगळं

फोनच्या सेटिंग्जमध्ये तुम्ही 'मराठी' निवडता तेव्हा नेमकं काय होतं? शब्द बदलतात, हे तर दिसतंच. पण आतमध्ये प्रत्येक ॲपला एक छोटा कोड मिळतो: एमआर-आयएन. एमआर म्हणजे मराठी आणि आयएन म्हणजे भारत. या जोडीला म्हणायचं लोकेल. पहिला भाग सांगतो कोणत्या भाषेत बोलायचं, दुसरा सांगतो कुठल्या देशाच्या पद्धतीने.

दुसरा भाग का लागतो? इंग्रजीच घ्या. ०३/०४ अशी तारीख ईएन-यूएसमध्ये ४ मार्च होते आणि ईएन-आयएनमध्ये ३ एप्रिल. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख अशी दिसली तर? भाषा तीच, अक्षरं तीच, पण महिना गेला ना हातचा!

हे नियम प्रत्येक कंपनी स्वतः लिहीत बसत नाही. युनिकोड कन्सॉर्शियमचा सीएलडीआर नावाचा मोठा साठा आहे. त्यात भाषांनुसार महिन्यांची नावं, आकडे, स्वल्पविराम कुठे द्यायचा, हे सगळं लिहिलेलं असतं. अँड्रॉइड, आयफोन, क्रोम सगळे तोच वापरतात.

आकड्यांची गंमत

आता खरी मजा. सीएलडीआरमध्ये मराठीचे डीफॉल्ट आकडे देवनागरी आहेत. हिंदीची लिपी तीच, पण तिचे डीफॉल्ट आकडे इंग्रजी! म्हणजे ॲप हिंदीत तपासून 'ओके' झालं, तरी मराठीत अडकू शकतं.

कसं? समजा, ॲपने स्क्रीनसाठी रक्कम सजवली: १२,३४,५६७. दिसायला छान. पण डेव्हलपरने तोच सजवलेला मजकूर पुढे हिशोबाला पाठवला. पायथनचं इंट फंक्शन '१२३' बरोबर वाचतं. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन मात्र 'नॅन' देतं, म्हणजे 'हा आकडाच नाही'. परिणाम काय, तर पेमेंटचं बटण दाबलं की 'समथिंग वेंट राँग'. वापरणाऱ्याला कळतच नाही की आपलं काय चुकलं. त्याचं काहीच चुकलेलं नसतं!

नियम सोपा आहे: दाखवायचं वेगळं, साठवायचं वेगळं. आकडे आणि तारखा साठवताना, सर्व्हरला पाठवताना एकच ठरलेलं रूप ठेवा. अँड्रॉइडवर स्ट्रिंग डॉट फॉरमॅटला लोकेल सांगितलं नाही, तर ते फोनचं लोकेल उचलतं. म्हणून मशीनसाठीच्या मजकुराला लोकेल डॉट रूट स्पष्ट द्या. स्क्रीनवर मराठी शब्दांसोबत इंग्रजी आकडेच हवेत? तर कोड लिहायचा एमआर-आयएन-यू-एनयू-एलएटीएन. लाख-कोटीचे स्वल्पविराम तसेच राहतात, फक्त आकडे बदलतात.

तुकडे जोडून वाक्य होत नाही

इंग्रजीत 'इन' आणि पुढे शहराचं नाव, झालं काम. मराठीत रिकाम्या जागेपुढे 'मध्ये' लावलं की 'मुंबई मध्ये' एक वेळ खपून जातं. पण 'पुणे मध्ये'? आपण म्हणतो 'पुण्यात', 'पुण्यामध्ये'. प्रत्यय लागताना नावाचंच रूप बदलतं. शाळेतलं सामान्यरूप आठवतंय ना? तेच. यावर उपाय म्हणजे वाक्याची मांडणीच बदलायची: 'शहर: पुणे'.

लिंगाचंही तसंच. फोटो आला, फाईल आली, पत्र आलं. तिन्हींसाठी एकच साचा केला की एक बरोबर आणि दोन चूक. अनेकवचनात '१ फाईल आली' आणि '५ फायली आल्या', म्हणजे नाम आणि क्रियापद दोन्ही बदलतात. म्हणून पूर्ण वाक्यंच भाषांतराला द्या आणि अनेकवचनाची तयार सोय वापरा. सीएलडीआरमध्ये मराठीला असे दोन प्रकार आहेत, अरबीला सहा!

क्रमवारीचंही एक सांगून ठेवतो. युनिकोडच्या क्रमांकांत ळ येतो लगेच ल नंतर, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. म्हणून यादी लावताना मराठीचा क्रम मागायचा, नुसते क्रमांक बघायचे नाहीत.

अर्धवट मराठी

एखादं वाक्य मराठीत नसेल तर ॲप मूळ भाषेकडे वळतं, बहुतेक वेळा इंग्रजीकडे. याला फॉलबॅक म्हणतात. ॲप बंद पडण्यापेक्षा हे बरंच. पण इंग्रजीत राहून जातात ते बहुधा एररचे मेसेज, कारण ते शेवटी लिहिले जातात. म्हणजे बटणं मराठीत आणि माणूस अडला की नेमकी इंग्रजी! ज्याने इंग्रजी जमत नाही म्हणून मराठी निवडली, तो तिथेच अडकतो.

मग लोक काय करतात? गुपचूप परत इंग्रजीवर जातात. मग मीटिंगमध्ये आकडे दिसतात आणि कोणीतरी म्हणतं, 'मराठी कोणी वापरतच नाही, कशाला खर्च करायचा?' पण लोकांनी मराठी सोडली कुठे? ती चालत नव्हती, म्हणून ते निघून गेले.

आपण काय करू शकतो?

एखादं ॲप मराठीत त्रास देत असेल, तर अख्खा फोन इंग्रजीत करू नका. अँड्रॉइड १३ पासून आणि आयओएस १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, ॲपने तशी सोय दिली असेल तर. फक्त तेवढंच ॲप बदला. आणि तक्रार करताना स्क्रीनशॉटसोबत 'फोनची भाषा मराठी आहे' हे नक्की लिहा. त्या एका ओळीने डेव्हलपरचा अर्धा शोध वाचतो.

तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल, तर रिलीजआधी फोन मराठीत करून एकदा पूर्ण चक्कर मारा: नोंदणी, तारीख, रक्कम, पेमेंट आणि मुद्दाम केलेली एक चूक. शेवटचा एरर मेसेजसुद्धा मराठीत आला, की मगच म्हणा, 'ॲप मराठीत आहे.'

तुम्हाला दिसलेली मजेशीर किंवा वैतागवाणी भाषांतरं आम्हाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!