कापडाखाली झाकलेला कॉम्प्युटर

आपल्या घरात नसला तरी ओळखीच्या कुणाच्या घरात, दुकानात, दवाखान्यात किंवा टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर कापडाखाली झाकून ठेवलेला असतो. तो बिघडलेला नसतो, फक्त मालकाच्या कामाचा राहिलेला नसतो. भंगारवाला वजनावर मागतो आणि फेकून द्यायला मन होत नाही. असे कॉम्प्युटर आता आणखी वाढणार आहेत. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या बंद केल्या आणि 2018 च्या आधीच्या बहुतेक मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही. म्हणजे चांगली चालणारी मशीन केवळ या कारणाने बाजूला पडणार.

दुसऱ्या बाजूला आमची मुले आहेत. परभणीत मी वरच्या प्राथमिक वर्गांना उर्दू आणि मराठी शिकवते. या मुलांचा मोबाइलवर अंगठा असा फिरतो की बघत राहावे. पण कीबोर्डसमोर बसवले तर स्वतःचे नाव टाइप करायला पाच मिनिटे लागतात. माउस टेबलावर सरकवायचा असतो हे माहीत नसल्याने काही जण तो उचलून स्क्रीनला लावतात. वर्गात हशा पिकतो, पण पुढचे दिवस हसण्याचे नाहीत. एमएचटी-सीईटी 2019 पासून कॉम्प्युटरवर होते. तलाठी भरतीची 2023 ची परीक्षाही कॉम्प्युटरवर झाली. दहा-बारा वर्षे शिकलेल्या मुलाच्या हातात माउस पहिल्यांदा परीक्षा केंद्रावरच येणार असेल, तर तो अभ्यासात नव्हे, माउसात मागे पडेल.

मुलींचे आणखी वेगळे. घरात मोबाइल एकच. तो आधी अब्बांचा, मग भाईजानचा, आणि रात्री उशिरा चार्जिंग उरलेच तर तिचा. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे सगळ्यांनीच पाहिले. तेव्हापासून मदत करणाऱ्यांचा ओघ वाढला आहे, ही चांगली गोष्ट. पण कॉम्प्युटर नुसता नेऊन दिला की काम झाले, असा समज दिसतो. तसे होत नाही, आणि याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैरात नावाचे छोटे गाव आहे. तिथली शाळा एकशिक्षकी, पहिली ते चौथीचे वर्ग एकत्र, माध्यम मराठी. 2007 मध्ये या शाळेतल्या बावीस-एक मुलांच्या हातात हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. अमेरिकेतील एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटी यांनी ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ ही योजना 2005 मध्ये जगापुढे मांडली होती. किंमत शंभर डॉलर ठेवायची असे ठरले, प्रत्यक्षात ती दोनशेच्या आसपास गेली. मशीन मात्र खरोखर मुलांसाठी बनवलेली होती. भर उन्हातही स्क्रीन वाचता येई, वीज अगदी कमी लागे, आणि इंटरनेट नसतानाही एका मुलाचा लॅपटॉप दुसऱ्याच्या लॅपटॉपशी जोडला जाई. भारत सरकारने 2006 मध्येच या योजनेला नकार दिला होता. त्यामुळे खैरातचा प्रयोग सरकारी योजना नव्हता, तो सरकारच्या बाहेर उभा राहिला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी पुढे तिथल्या मुलांसोबत काम केले.

या लॅपटॉपमध्ये ‘शुगर’ नावाचे सॉफ्टवेअर होते. त्यात ऑफिससारख्या फाइली आणि फोल्डर नव्हते. मुलाने काय केले ते एका रोजनिशीत आपोआप नोंदले जाई. लिहायचे, चित्र काढायचे, फोटो काढायचे, सूचना देऊन कासव चालवून आकृत्या काढायच्या, आणि हे सगळे शेजारच्या मित्राला आपल्या कामात बोलावून. तालुक्याच्या ऑफिसातले सॉफ्टवेअर मुलासमोर ठेवणे आणि मुलासाठी बनवलेले सॉफ्टवेअर ठेवणे, यांतला फरक मोठ्यांची चप्पल आणि मुलाची चप्पल यांच्यातल्या फरकासारखा आहे. मोठ्यांची चप्पल घालूनही मूल चालते, पण पडत पडत.

आता या योजनेचे पुढे काय झाले ते पाहू. दक्षिण अमेरिकेत पेरू देशाने हे लॅपटॉप लाखोंनी वाटले. तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे पंधरा महिन्यांनंतर मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. सर्वसाधारण बुद्धिकौशल्यात थोडी वाढ दिसली, एवढेच. हे वाचून कुणी म्हणेल, मग कॉम्प्युटर नकोतच. मी असे म्हणणार नाही. त्या योजनेची श्रद्धा अशी होती की मशीन मुलाच्या हाती दिली की मूल आपोआप शिकेल, शिक्षक तयार नसला तरी चालेल. आम्ही शिक्षक लोक हे ऐकून नाराज होतो, ते काही फक्त अहंकारामुळे नाही. मूल आपोआप पुष्कळ शिकते, पण जिथे अडते तिथे कुणीतरी जवळ असावे लागते. आणि मशीन बंद पडली तर ती उघडून बघणारा गावात कुणीतरी लागतो.

ते हिरवे लॅपटॉप आता बनत नाहीत. शुगर मात्र आजही चालू आहे. 2008 मध्ये ‘शुगर लॅब्ज’ नावाची वेगळी संस्था निघाली आणि जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. 2009 मध्ये त्यांनी ते पेन ड्राइव्हवर आणले. जुन्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावायचा, त्यावरूनच मशीन सुरू करायची, आतल्या हार्ड डिस्कला हातही लागत नाही. हे शक्य झाले कारण शुगर मुक्त सॉफ्टवेअर आहे.

‘मुक्त’ म्हणजे फक्त फुकट नव्हे. उर्दूत हा घोळ होत नाही, तिथे ‘मुफ्त’ आणि ‘आजाद’ हे शब्दच वेगळे आहेत. मुक्त सॉफ्टवेअर कुणीही वापरावे, आत काय आहे ते वाचावे, बदलावे, दुसऱ्याला कॉपी करून द्यावे. परवानगी मागायची गरज नाही, ती आधीच दिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये याची सुरुवात केली आणि लिनक्स 1991 मध्ये आले. केरळने आपल्या शाळा याच मार्गावर नेल्या. आपल्या केंद्र सरकारच्या 2012 च्या शालेय माहिती-तंत्रज्ञान धोरणातही मुक्त सॉफ्टवेअरला पसंती दिलेली आहे, आणि सी-डॅकने शाळांसाठी ‘एड्युबॉस’ नावाची लिनक्सची आवृत्ती तयार केली आहे. तरी आपल्याकडे काय होते? दान आलेल्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी दुकानातून चोरीचे विंडोज टाकून आणतो. मुलांना ईमानदारीचा धडा द्यायचा आणि पहिल्याच मशीनवर चोरीची प्रत चालवायची, हे मला पटत नाही. शिवाय त्या चोरीच्या प्रतीबरोबर व्हायरसही येतो.

लहान मुलांसाठी दोन गोष्टी मी आवर्जून सांगेन. एक ‘जीकॉम्प्री’. नाव फ्रेंच आहे, अर्थ ‘मला समजले’. 2000 पासून चालू असलेल्या या संचात शंभराहून जास्त खेळ आहेत. माउस फिरवण्यापासून सुरुवात होते, मग कीबोर्ड, आकडे, घड्याळ, नकाशा. माउस हवेत उचलणारी मुले दोन तासांत सरळ येतात. दुसरे ‘टक्स पेंट’, 2002 चे. चित्रांचे सॉफ्टवेअर आहे, प्रत्येक ब्रशला आवाज आहे, शिक्के आहेत. ते मराठीत आहे आणि उर्दूतही. मोठ्या मुलांना लिबरऑफिस द्यावे. त्यात अर्ज लिहिता येतो, हिशेबाचा तक्ता करता येतो, आणि किराणा दुकान चालवणाऱ्या अब्बांनाही ते उपयोगी पडते.

उर्दू माध्यमाच्या शाळेत एक वेगळी अडचण येते, ती दान देणाऱ्याच्या ध्यानातच नसते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि नस्तालीक लिपीत अक्षरे तिरकी खाली उतरत जातात. कॉम्प्युटरला हे वळण अवघड जाते. म्हणूनच उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिबांच्या हातावर चालली आणि नंतर इनपेजवर. फॉन्ट नसेल तर स्क्रीनवर उर्दू अरबी नस्खसारखी दिसते आणि मूल म्हणते, टीचर, हे आपले नाही. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट मोफत आणि मुक्त आहे, लिनक्सवर पाच मिनिटांत बसतो. मराठी आणि उर्दूचे कीबोर्डही लिनक्समध्ये असतातच, फक्त चालू करावे लागतात. इंग्रजी कीबोर्डवर मराठी-उर्दू अक्षरांचे स्टिकर चिकटवले की मुलांचे निम्मे काम हलके होते.

इंटरनेट नाही म्हणून अडून बसू नये. बालभारतीची पाठ्यपुस्तके मराठीत आणि उर्दूत पीडीएफ मिळतात, ती एकदा उतरवून प्रत्येक मशीनवर ठेवता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर दोन्ही भाषांतल्या गोष्टी आहेत, त्याही मोफत उतरवता येतात. ‘किविक्स’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यातून अख्खा मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. आमच्याकडची मुले त्यात आधी परभणी शोधतात, मग क्रिकेटपटू, मग अभ्यास. क्रम हाच राहणार, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

आता देणाऱ्यांशी थोडे बोलायचे आहे. आपला कॉम्प्युटर देताना त्यातल्या फाइली ‘डिलीट’ केल्या म्हणजे गेल्या असे नाही. डिलीट केल्याने फक्त यादीतले नाव पुसले जाते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो आणि थोडी माहिती असलेला कुणीही तो परत काढू शकतो. त्यात घरातल्या लग्नाचे फोटो असतात, आधार कार्डाच्या प्रती असतात, दवाखान्याचा कॉम्प्युटर असेल तर रुग्णांची नावे आणि आजार असतात. ही दुसऱ्यांची अमानत आहे. डिस्क पूर्ण नव्या मजकुराने भरून पुसून घ्यावी, हे लिनक्समधून फुकट होते. ते जमत नसेल तर हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि बाकीची मशीन द्यावी. उरलेल्या पैशांत एक लहान एसएसडी घालून दिली तर दहा वर्षांची मशीनही नव्यासारखी पळते. चार जीबी रॅम असेल तर उत्तम, दोनमध्ये हलके लिनक्स चालते. जुना पेटीसारखा जाड मॉनिटर मात्र देऊ नये आणि शाळेने घेऊही नये. त्याच्या काचेत शिसे असते, वीज जास्त खातो, आणि बिघडला की शाळेच्या माथी कचरा.

एका ओळखीच्या शाळेत एका दानशूर संस्थेने दहा कॉम्प्युटर दिले. बॅनर लागला, फोटो निघाले, नाश्ता झाला. पॉवर केबल सहाच होत्या. उरलेल्या चार मशीन कितीतरी महिने खोक्यात राहिल्या, कारण आता मागायचे कुणाकडे हे कुणाला कळेना. दहा देण्यापेक्षा पाच द्यावेत आणि उरलेल्या पैशांत वर्षभर महिन्यातून एकदा येणारा मेकॅनिक द्यावा. मोहल्ल्यात आयटीआय किंवा डिप्लोमा केलेली, काम शोधत असलेली मुले असतात. रॅमच्या पट्ट्या रबराने घासून परत बसवल्या की निम्म्या ‘मेलेल्या’ मशीन उठतात, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना चार पैसे मिळतील आणि शाळेला हक्काचा माणूस मिळेल.

हे जकातीतून चालेल का, असा प्रश्न हटकून येतो. जकातीत मालकी कुणाला मिळते हे महत्त्वाचे असते, आणि शाळेच्या मालकीचा कॉम्प्युटर व गरजू मुलाच्या मालकीचा कॉम्प्युटर यांत फरक पडू शकतो. तो आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावा, मी शिक्षिका आहे. सदक्याला किंवा साध्या मदतीला अशी अडचण नाही.

शाळेत मशीन कुठे ठेवायची हेही आधी ठरवावे. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये कुलपात ठेवलेला कॉम्प्युटर सुरक्षित राहतो, पण मुले त्याला फक्त खिडकीतून बघतात. एका मशीनवर दोन मुले बसवावीत, तीन नकोत, तिसरे फक्त बघत राहते. मुलींची वेळ वेगळी ठेवली तर माउस त्यांच्या हातात येतो, नाहीतर मुले तो सोडत नाहीत. परभणीत वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून दर दहा मिनिटांनी काम सेव्ह करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, तिचा खर्च दान घेतानाच धरून ठेवावा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडची खोली भट्टीसारखी तापते आणि फटीतून धूळ आत येते. मशीनवर चादर टाकावी, वायर काढून ठेवाव्यात, उंदीर त्या कुरतडतात. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी दोन दिवस मशीन उघडून धूळ उडवून घ्यावी आणि आतले नाण्याएवढे सेल बदलावे. ते किरकोळ किमतीत मिळते. ते संपले की कॉम्प्युटर तारीख विसरतो, तारीख चुकली की इंटरनेटवरची पाने उघडत नाहीत, आणि शिक्षक म्हणतो मशीन खराब आहे. मुले मात्र कोपऱ्यातले घड्याळ आधी बघतात आणि विचारतात, टीचर, हा कॉम्प्युटर 2009 मध्ये का गेला?