बाहुलीच्या पोटातली बाहुली

यंदा चैत्रगौरीच्या आराशीत सूनबाईंनी एक रशियन बाहुली मांडली. माझ्या धाकट्या बंधूंनी पूर्वी मॉस्कोहून आणलेली. हळदीकुंकवाला बायकांबरोबर आलेल्या मुलींनी ती उघडली. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशा चार हाती लागल्या. पाचवी, शेंगदाण्याएवढी, कुठे सापडेना. नात रडू लागली. ‘अगं, सगळ्यांत लहान तीच ना गेली? चार आहेत की!’ असे मी बोलून गेलो, आणि तेथेच चुकलो.

कारण ही बाहुली घडते ती आतून बाहेर. कातारी आधी धाकटी कातून काढतो. ती भरीव असते, उघडत नाही. मग तिच्या मापाने दुसरीचे पोट कोरायचे, दुसरीच्या मापाने तिसरीचे. लाकूड बहुधा लिंडेनचे, मऊ आणि चांगले वाळवलेले.

‘मात्र्योश्का’ हे मात्र्योना या रशियन स्त्रीनामाचे लाडके रूप. पुष्कळांना ही बाहुली फार प्राचीन वाटते. पण पहिली घडली ती १८९० च्या दशकात, मॉस्कोतील एका खेळण्यांच्या कारखान्यात. वासिली झ्व्योझ्दोच्किन या कारागिराने ती कातली, सेर्गेई माल्युतिन या चित्रकाराने रंगविली. एकंदर आठ बाहुल्या: सर्वांत बाहेर काळा कोंबडा घेतलेली मुलगी, सर्वांत आत दुपट्यात गुंडाळलेले बाळ. सेर्गियेव पोसादच्या खेळणी-संग्रहालयात ती जपून ठेवली आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या बाहुल्यांना कांस्यपदक मिळाले आणि मागणी वाढली.

पुढे गावागणिक तिचा थाट बदलला. सेम्योनोव्हची तांबडी-पिवळी, पुढ्यात गुलाबांचा भला मोठा गुच्छ; पोल्खोव्ह-मैदानची उभट, गडद गुलाबी; व्यात्काच्या बाहुलीवर गवताच्या काड्यांची नक्षी. १९८० च्या दशकाअखेरीस तर गोर्बाचेव्हच्या पोटातून आधीचे सोव्हिएत पुढारीही निघू लागले! पण थाट कोणताही असो, कातण्याची सुरुवात धाकटीपासूनच.

आमची धाकटी रात्री सापडली, ओटीसाठी भिजविलेल्या हरभऱ्यांच्या पातेल्यात. तिच्या नाकाडोळ्यांचा रंग थोडा उडाला होता. नातीने ती पुसून दुसरीच्या पोटात बसवली, एकेक झाकण लावले आणि बाहुली माझ्या कानाशी हलवली. आत बारीक खुळखुळ झाली.

‘आता पुरी झाली ना, आजोबा?’ तिने विचारले. मी मुकाट्याने मान डोलावली.