सात बहिणींच्या वाटेने

मोरजीला येणारे बहुतेक लोक समुद्रासाठी येतात. टेंबवाड्याची वाळू आणि अंडी घालायला येणारी सागरी कासवे त्यांना ठाऊक असतात. पण हे गाव मोरजाईचे आहे आणि मोरजाई एकटी नाही. मुख्यतः पेडणे, बार्देश आणि डिचोली या तीन तालुक्यांत पसरलेल्या सात बहिणींपैकी ती एक. हल्ली कुटुंबे, महिला मंडळे, भजनी मंडळी गाडी करून देवदर्शनाला निघतात. त्यांनी एकदा या बहिणींची यात्रा ठरवावी. ती दोन दिवसांत होते, पण तिची घडण माहीत नसेल तर पाच देवळे आणि एक चर्च पाहून परत आल्यासारखे वाटेल.

आधी कथा. सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा घाटावरून उतरून गोव्यात आले, मयेला राहिले. लईराईने खेतोबाला विस्तव आणायला पाठवले. तो मुलांबरोबर खेळात रमला आणि उशीर झाला. रागाच्या भरात बहिणीने त्याला लाथ मारली. भाऊ रुसून वायंगिणीला निघून गेला. राग ओसरल्यावर लईराईला पश्चात्ताप झाला आणि प्रायश्चित्त म्हणून तिने अग्नीतून चालण्याचे ठरवले. केळबाईने पेटता अग्नी डोक्यावर घेतला. मग सगळी भावंडे पांगली. लईराई शिरगावला, केळबाई मुळगावला, मोरजाई मोरजीला गेली, महामाया मयेतच राहिली. एक समुद्रात अंजदीवला गेली, शीतळाई पाताळात गेली, आणि मिराबाई म्हापशाला जाऊन मिलाग्रिस सायबीण, म्हणजे चर्चमधली मेरीमाता, झाली. गावागणिक नावांत आणि तपशिलांत फरक पडतो. कोणी ऐकवलेली यादी तुमच्या यादीशी जुळली नाही तर वाद घालू नये. ज्या देवळात उभे आहोत तिथली कथा तिथे खरी मानावी.

पहिला दिवस मोरजी आणि म्हापशाला द्यावा. सकाळी मोरजाईच्या देवळात ओटी भरावी. साडीचोळी नसली तरी चालते, नारळ, तांदूळ, विडा आणि फुले पुरतात. गाऱ्हाणे घालण्यासाठी पुजाऱ्याला किंवा जाणत्या माणसाला विनंती करावी. गाऱ्हाण्यात तुमचे मूळ गाव, कूळ आणि येण्याचे कारण देवीला मोठ्याने सांगितले जाते आणि जमलेले सगळे मिळून होकार भरतात. मंडळीने आपले कारण आधी आपसांत ठरवून ठेवलेले बरे. प्रत्येकाने वेगळे मागणे पुढे केले की गाऱ्हाण्याचा सामुदायिकपणा जातो, आणि या यात्रेचा सगळा जीव त्यातच आहे.

मोरजीहून म्हापशाला जाताना चोपडे–शिवोलीच्या पुलावर थोडे हळू चला. पूर्वी इथे फेरीबोट होती. खाली शापोरा नदी आहे आणि बहिणींचा नकाशा समजायचा तर ही नदी नीट पाहिली पाहिजे. दक्षिणेचा बार्देश 1543 मध्येच पोर्तुगिजांकडे गेला. सोळाव्या शतकात तिथली देवळे पाडली गेली, मूर्ती नदीपार नेल्या गेल्या, माणसांनी एक तर धर्म बदलला किंवा गाव सोडले. डिचोली मात्र 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये त्यांच्या हाती आले. तोवर धर्मांतराचा तो जोर ओसरला होता आणि या भागातली देवस्थाने टिकली. म्हणून मोरजी, शिरगाव, मुळगाव, मये इथल्या बहिणी देवळांत आहेत आणि बार्देशातल्या म्हापशाची बहीण चर्चमध्ये आहे. तिला लोकांनी बहीण म्हणणे मात्र सोडले नाही, आणि मला हीच या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. सत्तेने ओढलेली सीमा लोकांनी एका कुटुंबाच्या गोष्टीत सामावून घेतली.

म्हापशाचे सेंट जेरोम चर्च 1594 चे. सगळे त्याला मिलाग्रिसचे चर्च म्हणूनच ओळखतात. सायबिणीचे फेस्त ईस्टरनंतर सुमारे पंधरवड्याने, सोमवारी येते. त्या दिवशी रांगेत हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही असतात, हातात तेल आणि मेणबत्त्या. शिरगावचे देवस्थान आणि हे चर्च यांच्यात तेल आणि मोगऱ्याच्या फुलांची देवाणघेवाण चालत आली आहे. इतर दिवशी गेलात तर प्रार्थना चालू असताना आत फिरू नये, खांदे झाकलेले असावेत, आणि आपल्या पद्धतीचा नैवेद्य मांडायला बसू नये. मेणबत्ती लावून, हात जोडून शांत उभे राहिले की झाले.

धर्म बदलला तरी देवीशी नाते न तोडणे दूर ग्रीसमध्येही घडले. तिथल्या सहलीत अथेन्सजवळचे एल्युसिस दाखवतात. तिथे दिमीतर देवीची गूढ दीक्षा होत असे. यात्रेकरू समुद्रात स्नान करत, उपवास धरत आणि अथेन्सहून सुमारे वीस किलोमीटर चालत जात. चौथ्या शतकाच्या अखेरीस ही परंपरा बंद पाडली गेली. तरी ख्रिस्ती झालेले गावकरी तिथल्या एका भग्न पुतळ्याला शेतीची राखणदार मानत राहिले. 1801 मध्ये एडवर्ड क्लार्क या इंग्रज प्रवाशाने तो पुतळा उचलून नेला तेव्हा त्यांनी विरोध केला. आज तो केंब्रिजच्या संग्रहालयात आहे. एल्युसिसला आता चालत जाणारी दीक्षार्थी मंडळी नाही, उरले आहेत ते अवशेष. शिरगावला मात्र व्रत घेतलेली मंडळी आजही दर वर्षी येते.

दुसरा दिवस डिचोलीचा. मये, वायंगिणी, मुळगाव आणि शिरगाव जवळजवळ आहेत, त्यामुळे घाई पडत नाही. मयेला महामायेचे आणि वायंगिणीला खेतोबाचे दर्शन घ्या, मग मुळगावच्या केळबाईकडे जा. शिरगाव शेवटी ठेवा, कारण तिथे वेळ लागतो.

लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला असते. तिचा कणा म्हणजे धोंड. व्रत घेतलेल्या भक्ताला धोंड म्हणतात. आपण ‘निखाऱ्यांवरून चालणे’ एवढेच ऐकलेले असते, पण निखारे हा व्रताचा शेवटचा भाग आहे. त्याआधीचे दिवस धोंड घरापासून वेगळे, गावातल्या गटाबरोबर राहतात. पुष्कळ गटांत हे पाच दिवस चालते. आडोसा बांधून स्वतः रांधतात, शाकाहारी खातात, जेवणाआधी स्नान करतात, सोवळे पाळतात. एकट्याने घरी बसून हे व्रत होत नाही. गटातल्या जुन्या धोंडाकडून नवा शिकतो. भूक, झोप आणि बोलणे यांना आवर घालण्याची सवय सगळ्यांना एकदम लागते. म्हणून जत्रेच्या रात्री हजारो माणसे एका लयीत चालू शकतात.

जत्रेच्या दिवशी धोंड शिरगावच्या तळीत स्नान करतात. हातात वेताची काठी, तिला रंगीत लोकरीचे गोंडे, गळ्यात मोगऱ्याच्या माळा. इथे देवीची ओळख मूर्तीपेक्षा कलशाने आणि मोगऱ्याने होते. लाकडांचा उंच होम रचलेला असतो. रात्री तो पेटवतात, जळून खाली बसू देतात आणि उत्तररात्रीपासून पहाटेपर्यंत धोंड अनवाणी त्यातून जातात. राखेचा थर उष्णता पायापर्यंत हळू पोहोचू देतो आणि पाऊल क्षणभरच टेकते, म्हणून चालता येते, असे भौतिकशास्त्र सांगते. ते खरेच आहे, पण ती मंडळी तिथे कशासाठी उभी आहे ते त्यातून कळत नाही. उत्तर ग्रीसमधल्या लांगादास आणि आयिया एलेनी या गावांतही 21 मे रोजी संतांच्या प्रतिमा हातात घेऊन लोक निखाऱ्यांवर नाचतात. तिथेही तो एका बिरादरीचा वारसा आहे, कोणाही पाहुण्याने करून पाहायचा खेळ नव्हे. व्रत न घेतलेल्याने शिरगावच्या होमाजवळ जाण्याचा हट्ट कधीही धरू नये.

शिरगाव लोहखनिजाच्या खाणींनी वेढलेले आहे आणि खाणींचा ताण जमिनीखालच्या पाण्यावर पडतो. जिथे तळीतल्या स्नानाशिवाय व्रत पुरे होत नाही, तिथे जमिनीखालचे पाणी हा देवस्थानाचाही प्रश्न असतो. यात्रेकरूंनी गावात पाणी जपून वापरावे आणि तळीत साबण वा निर्माल्य टाकू नये.

अंजदीव बेट कारवारजवळ समुद्रात आहे आणि नौदलाच्या ताब्यात आहे, तेव्हा त्या बहिणीचे दर्शन या यात्रेत बसत नाही. शीतळाई तर पाताळातच आहे. सातही ठिकाणे पुरी करण्याचा अट्टाहास म्हणूनच नको.

3 मे 2025 च्या पहाटे लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचा जीव गेला. शिरगावच्या वाटा अरुंद आणि उताराच्या आहेत, गर्दी प्रचंड. मंडळीत लहान मुले, वयस्कर माणसे किंवा श्वासाचा त्रास असलेले कोणी असेल तर अग्निदिव्याच्या रात्री जाऊ नका. जाणारच असाल तर दिवसा उजेडी पोहोचा, भेटण्याची जागा आधी ठरवा आणि होम शांत झाल्यावर लगेच परतीला धावू नका. जत्रेनंतरचे काही दिवस देवीचा कलश शिरगावात घरोघरी जाऊन कौल देतो. आई-आजींना घेऊन यायचे तर हे दिवस निवडा. गर्दी ओसरलेली असते, आणि गावातल्या जाणत्यांकडून बहिणींची गोष्ट ऐकायलाही सवड मिळते.