बैलजोडीचे राज्य आणि उरलेली निम्मी मते

मुंबईहून निघून कल्याणला दुभंगणारा आणि पुढे कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे जाणारा जो लोहमार्ग आहे, त्याच्या कडेने १९५१ साली स्वतंत्र हिंदुस्थानच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची फार मोठी सिद्धता चालू होती, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात मतदानासाठी लागणाऱ्या पोलादी पेट्या लाखांच्या संख्येने तयार होत होत्या, आणि नाशिकच्या ज्या सरकारी मुद्रणालयात चलनी नोटा छापल्या जात, तेथेच एक रुपयाच्या नोटेएवढ्या आकाराच्या मतपत्रिका छापून निघत होत्या. आमचे शहाड हे याच मार्गावरील, कल्याणच्या पलीकडचे पहिले स्थानक. पेट्या आणि पत्रिका या दोहोंच्या मध्ये वसलेल्या या गावाशेजारी त्या वेळी असे काही सहस्र लोक राहत होते की, ज्यांचे जन्मगाव परराष्ट्रात गेले होते आणि ज्यांना मताचा अधिकार आहे की नाही, हाच प्रश्न प्रथम सोडवावा लागला होता.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे नामकरण ‘उल्हासनगर’ असे झाले. तथापि लोकांच्या तोंडी आजही ‘कॅम्प’ हाच शब्द आहे, आणि शहाडला लागून असलेला तो एक नंबरचा कॅम्प. मतदारयादीचा साधा शिरस्ता असा की, विवक्षित मुदतीपर्यंत एका ठिकाणी वास्तव्य असल्याखेरीज नाव नोंदले जाऊ नये. या शिरस्त्याचा अंमल अक्षरशः केला असता, तर बराकींतून राहणारी ही सारी वस्ती यादीबाहेरच राहिली असती. परंतु १९४८ साली, घटनेचा मसुदा अद्याप विचाराधीन असतानाच, घटना परिषदेच्या सचिवालयाने याद्यांचे काम हाती घेतले आणि असा निर्णय दिला की, ‘आपण येथे कायम राहणार आहोत’ एवढे प्रतिज्ञापूर्वक सांगणाऱ्या निर्वासिताचे नाव, तो तेथे किती दिवस राहिला याची चौकशी न करता, दाखल करून घ्यावे. ज्याच्यापाशी घराचा दाखला नाही, त्याच्या शब्दावर राज्याने विश्वास ठेवला! आपल्या लोकशाहीच्या इतिहासात मला या एका निर्णयाचे मोल फार मोठे वाटते.

मतदानाची रीतही आजच्याहून वेगळी होती. मतपत्रिकेवर ना उमेदवाराचे नाव, ना शिक्का मारण्याची जागा. प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र असे आणि तिच्यावर त्याची निशाणी डकवलेली असे: काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. मतदार आत येई, यादीत त्याचे नाव पाहून त्याच्या बोटाला शाई लावली जाई, हाती पत्रिका दिली जाई, आणि पडद्याआड ओळीने मांडलेल्या पेट्यांतून आपल्या पसंतीची पेटी शोधून तिच्या फटीत त्याने ती पत्रिका टाकायची, एवढाच विधी. काही मतदारसंघ द्विसदस्य होते व तेथे एक जागा राखीव असे. अशा ठिकाणी मतदाराला दोन पत्रिका मिळत, पण त्या दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. एकाच पेटीत दोन्ही टाकल्या, तर एक बाद होई. वाचता न येणाऱ्या माणसालाही आपल्या निवडीचा अर्थ स्पष्ट कळावा, अशी ही योजना होती, आणि ज्या अधिकाऱ्यांनी ती तालुक्या-तालुक्यांतून तडीस नेली, त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही.

निकाल लागला तो मात्र एकतर्फी. बनासकांठ्यापासून धारवाड-कारवारपर्यंत पसरलेल्या तत्कालीन मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ जागा होत्या. त्यांपैकी २६९ काँग्रेसने जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाला १४ आणि समाजवादी पक्षाला ९ जागा मिळाल्या. आता मतांचा हिशेब पाहावा. काँग्रेसला पडलेली मते एकूण मतांच्या जवळजवळ निम्मी, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या किंचित आत होती. समाजवाद्यांना सुमारे बारा टक्के. म्हणजे दर दोन मतदारांपैकी एकाने बैलजोडीच्या पेटीत मत टाकले नव्हते. पण ते दुसरे मत झाडात, पणतीत, हत्तीत आणि अपक्षांच्या नाना पेट्यांत वाटले गेले, आणि ज्याला इतरांपेक्षा एक मत अधिक तो निवडून आला, या नियमाने त्या विखुरलेल्या निम्म्या राज्याचा सभागृहात मागमूसही फारसा उरला नाही. त्याच निवडणुकीत मोरारजी देसाई, म्हणजे ज्यांच्याकडे राज्याचे नेतृत्व जाणार हे ठरल्यासारखे होते ते गृहस्थ, स्वतः अवघ्या १९ मतांनी पराभूत झाले. तरीही मुख्यमंत्री तेच झाले. मतदाराने नाकारले आणि पक्षाने स्वीकारले, या घटनेत त्या काळाच्या राजकारणाची किल्ली आहे, असे माझे मत आहे.

कारण एका पक्षाचे वर्चस्व म्हणजे स्पर्धेचा अभाव, ही समजूत चुकीची आहे. स्पर्धा होती आणि ती तीव्र होती. परंतु तिचे रणक्षेत्र मतदानकेंद्राकडून पक्षाच्या कचेरीकडे सरकले होते. याचा प्रारंभ स्वराज्याच्या आधीच झालेला दिसतो. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली झालेल्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली, तेव्हा मुंबईचे लोकप्रिय पुढारी खुर्शेद नरिमन हे पंतप्रधान (मुख्यमंत्र्यांना त्या वेळी असेच म्हणत) होतील, असा अनेकांचा कयास होता. निवड झाली बाळासाहेब खेरांची. नरिमन यांनी सरदार पटेलांना दोष दिला, प्रकरण चौकशीपर्यंत गेले, गांधीजींना त्यात लक्ष घालावे लागले आणि नरिमन यांचे राजकीय जीवन त्यातच कोळपले. खेर सज्जन आणि कर्तबगार होते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, प्रांताचा कारभारी कोण हे बंद दाराआड ठरले, आणि पुढे चार दशके तसेच ठरत राहिले. १९५६ साली मराठी व गुजराती प्रदेशांच्या द्वैभाषिक मुंबई राज्याच्या नेतृत्वासाठी यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे यांच्यात सामना झाला, तोही पक्षाच्या आमदारांपुढे. ज्याला उमेदवारी मिळाली तो बहुधा आमदार झालाच, म्हणून खरी निवडणूक तिकीटवाटपाची. ज्याला ती नाकारली गेली त्याच्यापुढे दोन मार्ग असत, मुकाट्याने पुढच्या खेपेची वाट पाहणे, किंवा अपक्ष म्हणून उभे राहून निवडून आल्यावर पुन्हा घरी परतणे.

या सर्व व्यवस्थेला एकदाच, पण मुळापासून हादरा बसला, तो १९५७ साली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपायी शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली होती. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीने एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका मांडवाखाली आणले होते. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि काही काळ जनसंघही! जी निम्मी मते १९५२ साली विखुरली होती, ती आता पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत एका पारड्यात पडली. पुण्यातून एस. एम. जोशी, दादरमधून आचार्य अत्रे, मावळातून रामभाऊ म्हाळगी निवडून आले. खुद्द यशवंतरावांना कऱ्हाडला अगदी थोडक्या मतांनी यश मिळाले. आमच्या ठाणे जिल्ह्याने लोकसभेवर शामराव परुळेकरांना पाठविले. ज्यांनी पत्नी गोदावरीबाईंसह डहाणू-तलासरीच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले, ते कम्युनिस्ट पुढारी सत्ताधारी पक्षाचा पराभव करून दिल्लीस गेले, ही या जिल्ह्याच्या दृष्टीने सामान्य घटना नव्हे. शहाडच्या रेयॉन कारखान्याचा भोंगा त्या सुमारास नुकताच वाजू लागला होता, आणि खाडीकाठच्या आगरी गावांतून शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा पुष्कळ ठिकाणी दिसत असे.

तरीही राज्य काँग्रेसचेच राहिले. ३९६ जणांच्या त्या विस्तीर्ण सभागृहात काँग्रेसचे २३४ सदस्य निवडून आले, आणि पश्चिम महाराष्ट्रात गमावलेली बाजू गुजरात, विदर्भ व मराठवाड्याने सावरून धरली. पण समोरच्या बाकांवर प्रजा समाजवादी ३६, शेतकरी कामगार ३१, कम्युनिस्ट १३ आणि फेडरेशनचे १३ असे सदस्य बसले. ज्या द्वैभाषिकाच्या बळावर हे बहुमत उभे होते, तेच द्वैभाषिक तीन वर्षांत मोडावे लागले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला. सत्ता न मिळवताही निवडणूक जिंकता येते, याचे इतके उज्ज्वल उदाहरण मला दुसरे आढळत नाही.

मागणी पुरी झाली आणि समिती विस्कटली. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला. मते मात्र सुमारे एक्कावन्न टक्के. १९६७ साली उत्तरेकडील अनेक राज्ये काँग्रेसच्या हातून निसटत असताना महाराष्ट्रात २७० पैकी २०३ जागा तिने राखल्या, त्याही सत्तेचाळीस टक्के मतांवर. १९७२ साली २२२. या स्थैर्याचे श्रेय केवळ विरोधकांच्या फुटीला देणे न्याय्य होणार नाही. यशवंतरावांनी विरोधात गेलेली बहुजन समाजातील कर्ती मंडळी हेरून पक्षात आणली. केशवराव जेधे तर शेतकरी कामगार पक्षाचे एक संस्थापक असून आधीच परतले होते. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, गावोगावी सहकारी साखर कारखाने, पतपेढ्या, खरेदी-विक्री संघ उभे राहिले, आणि ज्या तरुणाला सार्वजनिक जीवनात काही करावयाचे होते त्याला सभापतिपदापासून आमदारकीपर्यंतची पायरी एकाच वाड्यात सापडू लागली. वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री राहिले, ते या रचनेच्या भरभक्कम पायावर. रजनी कोठारी यांनी १९६४ साली या साऱ्या पद्धतीला ‘काँग्रेस व्यवस्था’ असे नाव दिले आणि मांडले की, विरोधी पक्षांचे काम राज्य घेण्याचे नसून सत्ताधारी पक्षातील गटांवर बाहेरून दाब ठेवण्याचे आहे. मला हे विवेचन बरोबर वाटते, पण अपुरे वाटते. कारण त्यात विरोधी बाकांवर आयुष्य घालविणाऱ्या माणसांच्या निष्ठेचा हिशेब नाही.

१९६२ ते १९७२ या दशकात विधानसभेचे विरोधी पक्षनेते होते शेतकरी कामगार पक्षाचे कृष्णराव धुळप. त्यांच्या पक्षाचे संख्याबळ आरंभी १५ आणि नंतर १९. समोर दोनशेंहून अधिक. मत मोजण्याची वेळ आली की निकाल आधीच ठरलेला, हे ठाऊक असून प्रत्येक विधेयकावर तयारीने उभे राहणे, प्रश्न विचारणे, कूळ, धान्य, पाणी यांची दाद मागणे याला कोणत्या प्रतीचे धैर्य लागत असेल? गणपतराव देशमुख १९६२ साली सांगोल्यातून प्रथम निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले, तेही जवळजवळ सारा काळ सत्तेबाहेर राहून. मृणाल गोरे १९७२ साली सभागृहात आल्या, त्या ‘पाणीवाली बाई’ ही पदवी लोकांकडून मिळवून. त्या वर्षीच्या भीषण दुष्काळात रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांच्यासारख्या काँग्रेसमधील विचारवंताने पुढे आणली हे खरे. पण रस्त्यावरचे मोर्चे आणि सभागृहातील मूठभर आवाज नसते, तर १९७७ साली तिचा कायदा इतक्या एकमताने झाला असता, असे मी मानीत नाही.

१९७८ साली, आणीबाणीनंतर, काँग्रेस दुभंगून लढली. २८८ पैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष बाहेर राहिला आणि काल परस्परांवर तुटून पडलेल्या दोन्ही काँग्रेस एकत्र येऊन वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. चार महिने लोटतात न लोटतात तोच त्यांच्याच मंत्रिमंडळातील शरद पवार बाहेर पडले आणि १८ जुलै १९७८ रोजी जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आदींना सोबत घेऊन त्यांनी पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार बनविले. महाराष्ट्रातील पहिले बिगरकाँग्रेसी म्हणून ओळखले जाणारे मंत्रिमंडळ, आणि त्याचा प्रमुख काँग्रेसच्याच तालमीत वाढलेला!

त्यानंतरची कहाणी आकड्यांतच सांगता येते. काँग्रेसच्या जागा १९८० साली १८६, १९८५ साली १६१, १९९० साली १४१, म्हणजे बहुमताच्या किंचित खाली. १९९५ साली काँग्रेस ८० जागांवर आली, शिवसेनेला ७३ आणि भारतीय जनता पक्षाला ६५ जागा मिळाल्या, आणि या दोहोंना मिळून बहुमत नसतानाही मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. कारण त्या सभागृहात ४५ अपक्ष निवडून आले होते, त्यांतले पुष्कळसे काँग्रेसने तिकीट नाकारलेले होते, आणि या खेपेला त्यांतले बरेचजण घरी परतले नाहीत.