नुरेंबर्गचा नाताळबाजार

जर्मनींतील नुरेंबर्ग शहरीं नाताळापूर्वीं सुमारें चार आठवडे बाळ ख्रिस्ताच्या नांवानें बाजार भरतो. त्याचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा १६२८ सालचा आहे. मुख्य चौकांत लांकडी दुकानें, त्यांवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचीं कापडी छपरें; लेबकूखन नांवाच्या मसालेदार गोड वड्यांचा वास दरवळत असतो, आणि सुकविलेल्या अलुबुखारांचीं गंमतीदार बाहुलीं पाहून मुलांचे पाय तेथेंच अडतात.

दुपारीं बारा वाजतां मात्र साऱ्यांच्या माना वर होतात. चौकाच्या पूर्वेस मेरीमातेचें चर्च आहे. त्याच्या दर्शनी भागावर १५०९ सालीं बसविलेलें घड्याळ असून, बादशहा निवडण्याचा अधिकार असलेले सात मानकरी चौथ्या चार्ल्स बादशहाभोंवतीं तीन फेऱ्या घालतात. त्यानें १३५६ सालीं दिलेल्या सनदेची ही आठवण. कारागिरी खरोखर अप्रतिम. परंतु ज्याला हा मुजरा घडतो, तो बादशहा निष्कलंक नव्हे.

कारण हा चौक मुळांत मोकळा नव्हता. तेथें यहुदी लोकांची वस्ती होती. बाजारासाठीं ती पाडण्याची परवानगी चार्ल्सनेंच नगरसभेस दिली. आणि ५ डिसेंबर १३४९ रोजीं, नाताळाला तीन आठवडे असतांना, निदान ५६२ यहुदी मारले गेले. त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या जागीं हें चर्च उठलें.

१९४५ च्या २ जानेवारीस हवाई हल्ल्यांत जुनें शहर बेचिराख झालें. १९४८ पासून बाजार पुन्हां भरूं लागला व चर्चही दुरुस्त झालें. आंत, वेदीकडील फरशींत, आतां एक षट्कोनी तारा बसविलेला आहे. पाहणाऱ्यानें नजर खालीं वळविली, तरच तो दिसतो.