इतर उत्पन्न : निरंक

बँकेच्या शेतीकर्जाच्या अर्जात एक रकाना असे : ‘इतर उत्पन्न’. १९८४ साली शेती अधिकारी म्हणून मी बँकेत लागलो, तेव्हापासून हा रकाना हजारो वेळा भरला असेल. कुणाचा भाऊ नोकरीत, कुणाची पिठाची गिरणी, कुणाच्या दोन म्हशी. यातले काहीच नसले, तर मी तिथे एकच शब्द लिहीत असे, ‘निरंक’. घराच्या मागच्या दारी वांग्याची झाडे, दोडक्याचा वेल, चार कोंबड्या, मोरीच्या पाण्यावरचे अळू हे सगळे मला दिसत असे. पाहणीला गेलो की तिथल्याच शेवग्याच्या सावलीत बाज टाकून मला चहा मिळे. पण त्या शेवग्याला ना सात-बारा, ना पावती. चहा संपवून, ‘निरंक’ लिहून मी फटफटीला किक मारीत असे.

२०२० च्या मे महिन्यात निवृत्त झालो. टाळेबंदी होती, त्यामुळे निरोप समारंभ, शाल, नारळ, भाषणे यांतून मी आणि श्रोते दोघेही वाचलो. पास काढून आम्ही नवराबायको टेंभुर्णीच्या जुन्या घरी आलो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की बाजार बंद आहे, भाजीची गाडी येईल तेव्हा येईल, आणि घरात कोथिंबिरीची काडी नाही. पेन्शन मात्र वेळेवर जमा होणार होती.

पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्यांना टेंभुर्णी ठाऊक असते ती चहाला थांबण्याची जागा म्हणून. इथून एक रस्ता पंढरपूरला फुटतो, एक कुर्डुवाडीला. भीमेवरचे उजनी धरण इथून हाकेच्या अंतरावर. ते १९८० साली पूर्ण झाले आणि आमच्या माढा तालुक्याचा रंगच पालटला. त्याआधी हा सारा मुलूख ज्वारीचा. वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही मृगात हुलकावणी देऊन बऱ्याचदा भाद्रपदात पडणारा. म्हणून उत्तरा-हस्तात काळ्या रानात ज्वारी पेरायची आणि पुढे थंडीवर, जमिनीतल्या ओलीवर ती पिकवायची. घराघरांतली भाकरी माळदांडीची. तिचाच निवडलेला वाण याच रस्त्यावर पुढे असलेल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून १९३० च्या दशकात बाहेर पडला आणि दख्खनभर गेला. पाणी आले तसा ऊस आला. ऊस आला म्हणून कुणी दुःख करावे असे मला वाटत नाही. आमच्या गावातली पोरे शिकली ती त्या पैशावर. पण त्याबरोबर काय गेले, याचा हिशेब कुणी मांडला नाही. मांडायला हवा होता तो मी; पगारच त्याचा घेत होतो.

आईचे परस जेमतेम सव्वा गुंठ्याचे होते. विहीर दूर, तेव्हा मुद्दाम शेंदून पाणी घालणे चैनीचे. आंघोळीचे, भांड्यांचे पाणी पाटाने पहिल्यांदा केळीला, तिथून अळूला, मग कर्दळीला जाई. भांडी राखेने घासलेली आणि डोकी शिकेकाईने धुतलेली, त्यामुळे त्या पाण्यात झाडाला मारील असे काही नसे. अक्षय तृतीयेला ती आळी घालून ठेवी. मृगाचा पाऊस झाला की कुंपणावर दोडका, घोसावळे, कारले, आणि न्हाणीच्या छपरावर काशीफळ. वेलाला लागलेल्या पहिल्या चांगल्या फळाला ती लाल चिंधी बांधी. ते बियाण्याचे. घरात पाहुणा आला, भाजी नसली, तरी त्या फळाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पुढे त्याच्या बिया शेणात थापून भिंतीला चिकटत, घेवडा-पावटा राखेत कालवून मडक्यात जाई आणि मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपले जाई.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. परसात उभा राहिला तो एकटा शेवगा. त्याचा पाला आम्ही इतका खाल्ला की पुढे कित्येक वर्षे मी त्या झाडाकडे पाहत नव्हतो. मडक्यातला पावटा शेर-दीड शेर असेल. एकदा भुकेपोटी मी तो शिजवायला मागितला. आईने मला मारले. तिने मला मारल्याचे तेवढे एकच आठवते.

इतके डोळ्यांनी पाहिलेला मुलगा मोठेपणी काय करतो, तर १९८९ साली जिल्ह्यातल्याच एका गावी पाहणीला जातो. दोन एकर रान, विहीर. मोटार, पाइपलाइन आणि उसाच्या लागवडीसाठी कर्ज हवे होते. सगळे चोख होते. विहिरीलगतचे चार-पाच गुंठे तेवढे उसातून वगळलेले. तिथे मिरची, वांगी, गवार, बांधाला अंबाडी आणि तूर. मी त्या गृहस्थांना म्हणालो, ‘‘एवढं रान मोकळं कशाला ठेवता? पाच-सहा टन ऊस निघेल यात.’’ त्यांची बायको चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, ‘‘मग साहेब, कालवण कशाचं करायचं?’’

मी हसलो. ‘‘विकत घ्या की वहिनी! आता पैसा येणारच आहे.’’

पैसा आलाही. ते खाते इतके नियमित चालले की वरिष्ठांपुढे मी त्याचे उदाहरण देत असे. तीन वर्षांनी बाजारात त्या बाई दिसल्या. मेथीची एक जुडी हातात धरून भाव करीत होत्या. मला पाहताच त्यांनी ती खाली ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘‘बरं हाय का साहेब?’’ एवढेच. कादंबरीकाराला प्रसंग फुगवायची खोड असते, पण इथे फुगवण्याजोगे काही घडलेच नाही. म्हणूनच तो प्रसंग मला माझ्या कुठल्याच पुस्तकात बसवता आला नाही.

दुसऱ्याच्या घरी जे केले तेच स्वतःच्या घरीही केले. १९९६ मध्ये कर्मचाऱ्यांसाठीचे स्वस्त घरकर्ज काढून मी टेंभुर्णीचे घर दुरुस्त केले. मागे न्हाणीघर, संडास, धुणे धुवायचा ओटा. आणि चिखल होतो म्हणून उरलेल्या परसात शहाबादी फरशी. आईला विचारले तेव्हा ती ‘‘बरं’’ म्हणाली. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. ती २००४ मध्ये गेली. त्या आठ वर्षांत ती फरशी रोज दोनदा धूत असे.

तर ही फरशी आम्ही २०२० च्या जूनमध्ये उपटली. खाली माती नव्हती, राबिट होते. विटांचे तुकडे, चुनखडी, सिमेंटचे खडे. मी पुस्तके वाचून बाग करणारा माणूस. ठिबकाच्या नळ्या, हिरवी जाळी, नारळाच्या काथ्याचा भुसा, संकरित रोपे, सगळे पुण्याहून मागवले. फेब्रुवारीत टोमॅटो आणि ढोबळी मिरची लावली. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. टोमॅटोची फुले गळाली, मिरचीची पाने चुरडामुरडा झाली. सवयीने वहीत हिशेब ठेवला होता. पहिल्या वर्षाचा खर्च साडेअकरा हजार आणि हाती आलेली भाजी बाजारभावाने दोन हजारांचीही नाही. असा प्रकल्प माझ्यासमोर कर्जासाठी आला असता तर मी तो दारातूनच परत पाठवला असता.

बायको म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही परस करताय की भाजीचं दुकान?’’ तिचे म्हणणे असे की बारा महिने फ्लॉवर आणि टोमॅटो खायची सवय आपल्याला दुकानाने लावली. परसाला ती लावायला गेलो तर ते ऐकणार नाही. कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोळकरांचे ‘विपुलाच सृष्टी’ मी तेव्हा पुन्हा काढले. गणिताचा हा प्राध्यापक ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना सांगत होता की झाड पानांनी ऊन खाते, तेव्हा हिशेब पानांचा करा, पालापाचोळा कुजवून माती घरी तयार करा, दहा गुंठ्यांत एक कुटुंब सुखाने राहील. मीही ते पुस्तक नोकरीत असताना वाचले होते. कपाटात ठेवण्यासाठी वाचले होते, असे आता म्हणावे लागते.

दुसऱ्या वर्षी आम्ही काही मागवले नाही. उसाचे पाचट, कडुनिंबाचा पाला, घरातला ओला कचरा आणि मागून आणलेले शेण थरांनी रचून वर्षभर कुजवत ठेवले. धुण्याचे पाणी वेगळे काढले, कारण आता त्यात पावडर असते. भाज्या-तांदूळ धुतलेले आणि आंघोळीचे तेवढे झाडांना. पावसाने आधी जे आपोआप उगवले तेच खाल्ले : तांदुळजा, चिगळ, पाथरी. आषाढात गार वारे सुटले की हुलग्याच्या शेंगोळ्या, वर लसणाची फोडणी. श्रावण-भाद्रपदात दोडका असा सुटला की तीन आठवडे घरात दुसरी भाजी नाही. इथे परसाच्या गोडव्यात न सांगितली जाणारी गोष्ट सांगतो : ऋतूप्रमाणे खाणे कंटाळवाणे असते. आपल्या जुन्या बायकांची निम्मी पाककला त्या कंटाळ्यातून निघाली असावी. दोडक्याची भाजी झाली, मग चणाडाळ घालून, मग भजी, मग शिरांची तीळ घालून चटणी. नवरात्राच्या सुमारास हादग्याची फुले आली तेव्हा मी एखाद्या सणासारखा आनंदलो.

अंबाडी तर मी विसरूनच गेलो होतो. पाला उकडून, आंबट पाणी थोडे पिळून, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटायची; शेंगदाणे हवेतच. वरून लाल मिरची-लसणाची तेलाची फोडणी, तीही ताटात वाढल्यावर. पहिला घास घेतला आणि मला १९८९ मधला तो बांध दिसला. जेवताना बोललो नाही. बायकोला वाटले, मीठ जास्त झाले.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. ‘बायफ’ संस्थेच्या मदतीने त्यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हा शब्द वाचून गंमत वाटली. आता ‘उमेद’ अभियानात बचत गटांच्या बायका परसबागा करतात, अंगणवाड्यांतही होतात. चांगलेच आहे. पण बी विकतचे संकरित असले, तर त्याचे धरलेले बी पुढच्या वर्षी मूळ झाडासारखे उतरत नाही. दरसाल पुन्हा दुकान. आणि गावठी बी फार दिवस ठेवूनही चालत नाही; कांद्याचे वर्षभरात दमते. ते दरवर्षी कुणीतरी पेरत राहावे लागते.

आमच्या शेजारी आक्का आहेत. वय ऐंशीच्या पुढे. आमचा सारा उपद्व्याप त्या भिंतीवरून पाहत असत आणि टोमॅटो गेले तेव्हा त्यांना हसू आवरले नव्हते. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांनी मला हाक मारली आणि हातात एक पुरचुंडी ठेवली. आत राखेने माखलेला पावटा, बोटाच्या पेराएवढा तांबूस दाणा.

‘‘घे. तुज्या आईचंच हाय.’’

मला कळेना.

‘‘आरं, फरशी बसवायच्या आदल्या दिशी मडकं घिऊन आलती. म्हनली, आक्के, माज्याकडं आता जागा न्हाई, तू लावत जा. तवापासनं लावतीया. एक साल चुकवलं न्हाई.’’

सव्वीस वर्षे. त्यातली पहिली आठ आई भिंतीच्या अलीकडे फरशी धूत होती आणि पलीकडे तिचा वेल चढत होता. मी दिवाळीला येत होतो, तेव्हा तो फुलांवर असणार. मला तो दिसल्याचे आठवत नाही.

त्या वर्षी भोगीच्या भाजीत आमच्या वेलाचा पावटा होता. वांगी, गाजर, ओला हरभरा, बोरे बाजारातून आणली. त्याचा मला कमीपणा वाटत नाही, सव्वा गुंठ्यात सगळे मावत नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी घेऊन आक्कांकडे ताट नेले. त्यांनी एक दाणा दातांनी चाचपला आणि म्हणाल्या, ‘‘जरा जून झालाय.’’

वही अजून ठेवतो. भाजी बाजारभावाने लिहितो, खर्च वजा करतो. गेल्या दोन वर्षांत आकडा थोडा जमेकडे झुकला आहे. मजुरी मात्र धरीत नाही. माझी धरली तर पुन्हा तोटा. आईची कुणी कधी धरली नव्हतीच. पावट्याचे बी कुठल्या सदरात आणि किती रुपयांना लिहावे, ते मात्र अजून सुचलेले नाही. ती ओळ कोरी आहे.

यंदा वेलावर मी बियाण्याच्या शेंगा सोडल्या, त्यांना लाल चिंध्या बांधल्या. शेंगा वाळल्या, दाणे काढले, मडके धुऊन उन्हात ठेवले. मग बायको म्हणाली, ‘‘आणि राख?’’ आमच्याकडे गॅस. घरात चिमूटभर राख नाही. आक्कांकडे पाणी तापवायचा बंब अजून आहे. मी पातेले घेऊन गेलो, तर बंब पेटलेला होता आणि त्या म्हणाल्या, ‘‘जरा दम धर, इजू दे.’’ म्हणून मी त्यांच्या पायरीवर बसून राहिलो.