सेनापतीचें शोकगीत

चीनच्या पूर्व भागांत थाई शान नांवाचा पवित्र पर्वत आहे. त्याच्या पायथ्याशीं हाओली म्हणून एक टेकडी आहे. मृतांचे आत्मे तेथें जमतात अशी प्राचीन चिनी लोकांची समजूत होती. त्या स्थानाच्या नांवानें एक शोकगीत प्रचलित होतें. प्रेताची गाडी दोरांनीं ओढीत नेणारे लोक तें चालतां चालतां म्हणत.

त्याच्या उगमाची कथा अशी सांगतात. इ. स. पूर्वीं २०२ मध्यें ल्यू बांग हा हान घराण्याचा पहिला सम्राट झाला. छी राज्याचा त्येन हेंग त्याच्या बोलावण्यावरून निघाला. परंतु अपमान असह्य होऊन राजधानी जवळ येतांच त्यानें प्राणत्याग केला. अनुयायांना उघड रडण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनीं आपला शोक गाण्यांत घातला. पुढें दरबारी संगीतकार ली येनन्येन यानें त्या गाण्याचे दोन भाग केले. पातीवरील दंवाचें गाणें राजेरजवाड्यांच्या अंत्ययात्रेसाठीं, आणि हाओलीचें अधिकारी व सामान्य रयतेसाठीं. मृत्यूनंतरहि पायरी सुटत नाहीं ती अशी.

सुमारें चारशें वर्षांनीं त्साओ त्साओ (इ. स. १५५-२२०) या सेनापतीनें दोन्ही चालींवर नवीं पदें रचिलीं. जुन्या चालीचें नांव ठेवून आंत नवा विषय भरावा, ही चिनी कवींची रीतच होती. चिनी रंगभूमीवर त्साओ त्साओचा चेहरा पांढरा रंगवितात, आणि तो रंग कपटी पुरुषाचा समजला जातो. त्यामुळें त्याचें कवित्व पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. राजांच्या चालीवर त्यानें हान दरबाराचा विध्वंस गाइला. रयतेच्या चालीवर जें गाइलें तें अधिक मोलाचें आहे.

इ. स. १८९ मध्यें तुंग चो या सरदारानें दरबार बळकाविला. पुढच्या वर्षीं पूर्वेकडील सरदारांनीं युआन शाओला पुढारी करून त्याच्याविरुद्ध जूट केली. तुंग चोनें लोयांग राजधानी जाळली. इकडे लाखावर सैन्य छावणींत बसून राहिलें आणि सरदारांच्या मेजवान्या झडत राहिल्या. त्साओ त्साओ तेवढा पुढें गेला आणि मार खाऊन परतला. चुलतभावानें स्वतःचा घोडा दिला म्हणून वांचला. मग जुटींतले सरदार एकमेकांवरच उलटले. युआन शाओनें दुसरा सम्राट बसविण्याचा घाट घातला आणि त्याचा धाकटा भाऊ युआन शू यानें १९७ मध्यें स्वतःच सम्राटपद घेतलें. या दोन्ही गोष्टी पदांत आल्या आहेत. अर्थात् तें त्यापूर्वींचें असणें शक्य नाहीं.

पद सोळा ओळींचें, प्रत्येक ओळींत पांच अक्षरें. पहिल्या दहा ओळींत हें राजकारण आहे. शेवटच्या सहांत कवि एकदम रयतेकडे वळतो. ओसाड मुलूख दाखवितांना तो पडकीं घरें मोजीत बसत नाहीं. कोंबडा आरवत नाहीं एवढेंच सांगतो. कोंबडा जेथें नाहीं तेथें चूल नाहीं, आणि चूल नाहीं तेथें माणूस नाहीं. शोकगीताची चाल येथें कोणा एकाच्या प्रेतासाठीं न राहतां साऱ्या प्रजेसाठीं होते.

परंतु हाच त्साओ त्साओ बापाच्या खुनाचा सूड म्हणून १९३ मध्यें शुचौ प्रांतावर चालून गेला होता. त्या मोहिमेंत हजारों निरपराध माणसें मारलीं गेलीं. प्रेतांनीं तेथील नदीचा प्रवाह अडला, असें इतिहासकारांनीं लिहून ठेविलें आहे. तेव्हां हें पद म्हणजे निव्वळ ढोंग, असें कोणी म्हणेल. तें सर्वस्वी खरें वाटत नाहीं. १९६ मध्यें त्यानें पडीक जमिनी लागवडीस आणविल्या. २०२ मधील त्याच्या एका आज्ञापत्रांत, जन्मगांवीं दिवसभर हिंडूनहि ओळखीचें माणूस भेटलें नाहीं, असें दुःख आहे. पडलेल्या सैनिकांच्या वारसांना जमीन व बैल द्यावे अशी ती आज्ञा होती.

पदांत युआन बंधूंचीं नांवें नाहींत, तरी ते चट्‌दिशीं ओळखूं येतात. शुचौचा उल्लेख मात्र त्यांत कोठेंहि नाहीं.